हिवराचे तीन गुंठे

गणपती गेल्यावर चौथ्या-पाचव्या दिवशी बापूने व्हॉट्सअ‍ॅपवर एका कागदाचा फोटो पाठवला. बापू माझा धाकटा चुलतभाऊ. माण तालुक्यातली आमची जमीन तोच कसतो, आणि सातबाऱ्यावर त्याच्या नावाखाली माझे नाव आहे. वडिलांच्या माघारी मी हक्कसोड करून दिले नाही, ही गोष्ट गावाला अजून पुरती पचलेली नाही. खरे सांगायचे तर कधी कधी मलाही पचत नाही. कागद संमतीपत्राचा होता. गावाच्या वरच्या अंगाला आमचा दहा एकर माळ आहे. तो, शेजारच्या दोन भावक्यांची रानं आणि त्यांना लागून असलेले गायरान मिळून सौर प्रकल्पासाठी पंचवीस वर्षांच्या भाडेपट्ट्याने द्यायचे घाटत होते. माझी सही तेवढी राहिली होती. ‘पाहते, थोडा वेळ दे’ असे मी कळवले आणि तीन आठवडे काहीच पाहिले नाही. शेवटी बापूचा फोन आला. अडचण काय आहे, हे त्याने फार अदबीने विचारले, आणि माझ्या तोंडून निघून गेले, “अरे, पण मग माळ दिसेल कसा?” पलीकडे क्षणभर शांतता होती. मग तो म्हणाला, “ताई, तुला बघाया माळ पायजे. आमाला खायाला पायजे.”

त्याच्या आवाजात राग असता, तर मला भांडता तरी आले असते.

त्याच आठवड्यात विक्रोळीतल्या आमच्या सोसायटीची वार्षिक सभा झाली, हा योगायोग मी विसरू शकत नाही. विषयपत्रिकेवर सातवा विषय गच्चीवर सौर पॅनेल बसवण्याचा होता. जिन्यातले दिवे, पाण्याचा पंप आणि लिफ्ट यांचे बिल कमी होईल, असे सचिवांनी नीट आकडे मांडून सांगितले. मग चर्चा सुरू झाली. कोजागिरीला बसायचे कुठे, पापड-कुरडया वाळत घालायच्या कुठे, पावसाळी पत्र्याची शेड काढावी लागेल का, आणि एकूण गच्चीची शोभा जाईल त्याचे काय, असे मुद्दे निघाले. ‘शोभा’ हा शब्द ऐकून मला हसू आले होते, कारण आमच्या गच्चीवर पाण्याच्या चार काळ्या टाक्या, डिश अँटेनांचे गंजलेले सांगाडे आणि कुणाच्या तरी मोडक्या खाटा आहेत. तरीही मतदानाच्या वेळी माझा हात विरोधाच्या बाजूने वर गेला. तिथल्या एका कोपऱ्यात माझ्या कुंड्या आहेत, आणि संध्याकाळी त्या कोपऱ्यातून पूर्वेच्या डोंगररांगेची एक फिकट रेघ दिसते. ठराव नामंजूर झाला. रात्री अंथरुणावर पडल्यावर बापूचे वाक्य आठवले आणि मी एकाच आठवड्यात दोन ठिकाणी विजेच्या आड उभी राहिले आहे, हे ध्यानात आले.

माळाचे उत्पन्न किती, हे मला चांगले ठाऊक होते. मुरमाड जमीन, वरून पाणी नाही. पाऊस वेळेवर झाला तर बाजरी, मटकी, हुलगा. नाहीतर फक्त गवत. सातबाऱ्यावर त्यातला बराच भाग ‘पोटखराबा’, म्हणजे लागवडीला नालायक, म्हणून नोंदलेला आहे. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेत खासगी जमिनीला हेक्टरी वर्षाला सव्वा लाख रुपये भाडे मिळते आणि ते दरवर्षी तीन टक्क्यांनी वाढते. एकरी पन्नास हजार झाले. आमच्या दहा एकरांचे वर्षाला पाच लाख. एवढे पैसे त्या माळाने आजोबांच्या आणि वडिलांच्या उभ्या हयातीत मिळूनही दिले नसतील. शिवाय ही वीज जवळच्या उपकेंद्रातून शेतीच्या वाहिनीवर जाणार, म्हणजे विहिरीवरची मोटार दिवसा चालणार. रात्रपाळीची लाइट म्हणजे काय असते, हे मी लहानपणी सुट्टीत पाहिले आहे. पौषातल्या थंडीत रात्री दोन वाजता चुलते घोंगडी पांघरून, हातात बॅटरी आणि काठी घेऊन ज्वारीला पाणी धरायला जात, आणि ते परत येईपर्यंत काकू चुलीपाशी बसून राहत असे. हे सगळे समोर असताना ‘दिसेल कसा’ असे विचारणारी बाई मुंबईची असणार, हे बापूने ताडले तर त्यात त्याची चूक नाही.

पण माळ हा माझ्यासाठी नुसता देखावाही नव्हता. वडील बहात्तरच्या दुष्काळात मुंबईला आले, गिरणीत लागले, आणि ब्याऐंशीच्या संपानंतर पुन्हा कधी स्थिरावले नाहीत. त्या काळात ते मला दोनदा गावी घेऊन गेले होते आणि दोन्ही वेळा घरात पाय ठेवण्याआधी माळावर गेले होते. तिथे एक हिवराचे झाड आहे. पांढुरक्या सालीचे, वाऱ्याने एका अंगाला कललेले. श्रावण-भाद्रपदात त्याला पिवळसर पांढऱ्या फुलांचे घोस येतात आणि मधमाश्यांच्या आवाजाने सगळे झाड भरून जाते. त्याच्या बुडाशी बसून वडील काहीही बोलत नसत. कार्तिकात कुसळी गवत वाळून तांबूस-सोनेरी होते, चालताना परकराला कुसळे अडकतात, ती काढता काढता बोटांची आग होते. पायाखालून अचानक चंडोल उडतो आणि उंच जाऊन गात राहतो. टिटवी ओरडून ओरडून तुम्हाला अंड्यांपासून दूर नेते. ज्या जमिनीला सरकारी दप्तरात ‘पडीक’ म्हणतात, तिच्यावर लांडगा, खोकड, धाविक, आणि एके काळी माळढोक राहत आला. त्या माळढोकासाठी सोलापूरजवळ नान्नजला अभयारण्य केले, तरी आज तो पक्षी आपल्याकडे जवळजवळ दिसत नाही. दप्तरातला शब्द एकदा ‘पडीक’ असा पडला की त्या जागेवर काही होते, हे सिद्ध करण्याची जबाबदारी जागेवरच येते.

दिवाळी झाल्यावर मी एकटीच गावी गेले. फलटण सोडून एसटी मोगराळे घाट चढू लागली की मी नेहमी खिडकीशी सरकते. घाट संपून वर आले की माणदेश एकदम उघडा पडतो. आडवा, विटका, फारसे काही न लपवणारा मुलूख. डोळ्याला अडवायला काही नसते, हाच त्याचा गुण आणि हाच आता त्याचा दोष. जिथे काहीच उंच नाही, तिथे जे काही उभे राहील ते मैलावरून दिसते. कोकणात दोनशे एकरांवर पॅनेल टाकली तरी एखाद्या वळणापलीकडे ती झाडीत हरवतील. इथे हरवायला जागाच नाही.

बापू मला शेजारच्या गावातला चालू असलेला प्रकल्प दाखवायला मोटारसायकलवरून घेऊन गेला. माझा संशय दूर व्हावा, हा त्याचा हेतू होता. तिथे मी जे पाहिले ते मी समजत होते त्याहून बरेही होते आणि वाईटही. पहिली गोष्ट म्हणजे काच चमकत नव्हती. डोळे दिपतील असे मला वाटले होते, पण पॅनेलचे कामच मुळी उजेड गिळण्याचे. परत फेकलेला प्रत्येक किरण म्हणजे बुडालेली वीज, म्हणून त्यावर परावर्तन कमी करणारा सिलिकॉन नायट्राइडचा पातळ थर दिलेला असतो, आणि जुन्या पॅनेलचा तो निळा रंगही त्या थराचाच. दुसरी गोष्ट, ती फार उंच नव्हती. ओळीची वरची कड अडीच-तीन मीटरच्या पुढे जात नव्हती. सपाटीवर उभे राहून पाहिले तर क्षितिजाखाली एक गडद पट्टी, एवढेच. खरा कुरूपपणा पॅनेलचा नव्हताच. तो भोवतीचा होता. सगळी जमीन जेसीबीने खरवडून एका पातळीत आणलेली, गवताचे एक पातेही नाही, मधला ओघळ बुजवून सरळ सिमेंटचे गटार केलेले, कडेला काटेरी तारेचे कुंपण आणि त्याला अडकून फडफडणाऱ्या प्लॅस्टिकच्या पिशव्या, उपटून ढिगाला लावलेली बाभळीची खोडं. उत्तरेकडच्या रस्त्याने गेलो तेव्हा पॅनेलची पाठ दिसली: राखाडी पत्रा, लोखंडी पाय, लोंबत्या केबली. आपल्याकडे पॅनेल दक्षिणेला तोंड करून कलती बसवतात, त्यामुळे दक्षिणेच्या गावाला तोंड दिसते आणि उत्तरेच्या वस्तीला पाठ. वस्ती उत्तरेलाच होती.

“मागचं दार कुणाकडं करायचं, हे कुणी इचारत न्हाई,” बापू म्हणाला. हे मात्र त्याने स्वतःहून म्हटले.

फाटकावरचा राखणदार त्याच गावचा, पूर्वी मेंढरे राखणारा. त्याने चहा पाजला आणि मी विचारत गेले तसे सांगत गेला. खरवडलेल्या जमिनीवरून उन्हाळ्यात धूळ उठते, ती काचेवर बसते, मग टँकरने पाणी आणून काच धुवावी लागते. गवत राहू दिले असते तर धूळ कमी उठली असती, पण वाळल्या कुसळीला आग लागेल म्हणून ठेवत नाहीत. मग मेंढरे सोडायची, असे मी म्हटले. कोचीच्या विमानतळावर, जो २०१५ पासून पूर्णपणे स्वतःच्या सौर विजेवर चालतो, पॅनेलखालचे गवत शेळ्या खातात, हे मी वाचले होते ते त्याला सांगितले. तो मनापासून हसला. “शेळी काचंवर चढंल. मेंढरू खाली मान घालून जातं. मेंढरंच पायजेत.” त्याच्या त्या एका वाक्यात मला पुष्कळ काही मिळाले. जमीन न खरवडता तिच्या चढउतारानेच खांब ठोकले, ओघळ त्याच्या जागी राहू देऊन दोन्ही काठांना पाच-पाच मीटर सोडले, खाली गवत आणि गवतावर मेंढरे ठेवली, तर तोच प्रकल्प चादर टाकल्यासारखा न दिसता रानात वसल्यासारखा दिसेल. कुंपणाच्या बाहेरच्या अंगाने शेर, घायपात आणि निरगुडी लावली तर तीन-चार वर्षांत रस्त्यावरून पाहणाऱ्याला फक्त कुंपण दिसेल. शेराचे कुंपण माणदेशाला नवीन नाही. ते जनावर खात नाही, त्याला पाणी लागत नाही, आणि ते रस्त्याची धूळही अडवते, म्हणजे कंपनीचा टँकरही वाचतो. झाडे मात्र उत्तरेला हवीत. दक्षिणेला लावली तर पौषात, सूर्य खाली असताना, त्यांची सावली लांबवर पॅनेलवर पडते आणि वीज घटते. हे मी शिकले तेव्हा मला बरे वाटले, कारण उत्तरेच्या वस्तीला जी पाठ दिसते ती झाकायला निसर्गाचीच परवानगी होती.

पण मग आम्ही खंडोबाच्या टेकडीवर गेलो आणि माझे हे सगळे गणित कोसळले. वरून पाहिले तर कुंपण म्हणजे नुसती एक रेघ, आणि तिच्या आत तो काळा-निळा आयत, कात्रीने कापलेल्या कडांचा. आपल्याकडे देव टेकडीवर असतात, हा भाग नकाशा काढणाऱ्याच्या लक्षात कसा येणार? गावाने आपली पाहण्याची जागा शेकडो वर्षांपूर्वी निवडून ठेवली आहे आणि तिला पायऱ्याही केल्या आहेत. चैत्रात शिखर शिंगणापूरला कावडी चढतात तेव्हा माणसे वर पोचून घाम पुसत पहिल्यांदा काय करतात, तर मागे वळून मुलूख पाहतात. वरून दिसणाऱ्या गोष्टीला आडोसा करता येत नाही. तिचा आकार तेवढा बदलता येतो. एक सलग आयत करण्याऐवजी जुन्या बांधांच्या रेषांवर तुकडे पाडले, ताली तशाच ठेवल्या, मध्ये ओढ्याची हिरवी शीर राहू दिली, तर वरून ते शेतांसारखे दिसेल. वेगळ्या रंगाचे पीक असावे तसे. ब्रिटनमध्ये अशा प्रकल्पाच्या अर्जाबरोबर तो आजूबाजूच्या रस्त्यांवरून, पायवाटांवरून कसा दिसेल, याची चित्रे काढून द्यावी लागतात. आपल्याकडे २००६ च्या पर्यावरणीय आघात मूल्यांकनाच्या अधिसूचनेच्या यादीत सौर फोटोव्होल्टाइक प्रकल्प येतच नाहीत. म्हणजे टेकडीवर चढून पाहण्याचे काम कुणाच्याच टेबलावर नाही.

रात्री जेवण झाल्यावर अंगणात आले तर ईशान्येला आकाश फिकट पांढरे दिसत होते. मला वाटले चंद्र उगवतो आहे. तो दुपारी पाहिलेल्या प्रकल्पाचा उजेड होता, कुंपणाच्या खांबांवरचे दिवे रात्रभर जळत होते, कशाची राखण करत होते कोण जाणे. दिवसा सूर्य पिणाऱ्या जागेने रात्री चांदण्या पुसून टाकाव्यात, हे मला दुपारच्या त्या आयतापेक्षा जास्त लागले. कुणी आले तरच पेटतील असे दिवे बाजारात कधीचेच आहेत. आमच्या सोसायटीच्या जिन्यातही आहेत.

परतीच्या प्रवासात मला मुळशी आठवले. मुंबईच्या विजेने एखादा मुलूख बदलून टाकण्याची ही काही पहिली वेळ नाही. १९१५ साली खोपोलीचे वीजकेंद्र सुरू झाले आणि घाटावर अडवलेल्या पाण्यावर मुंबईच्या गिरण्या फिरू लागल्या. त्यानंतर मुळशीचे धरण आले. भाताची खाचरे आणि गावे पाण्याखाली जाणार म्हणून १९२१ मध्ये मावळातल्या शेतकऱ्यांनी सत्याग्रह केला. पांडुरंग महादेव बापट त्यातूनच सेनापती बापट झाले. सत्याग्रह हरला. आज त्या जलाशयाच्या काठी ‘लेक व्ह्यू’ लिहिलेल्या पाट्या आहेत आणि आम्ही मुंबईकर पावसाळ्यात तिथे निसर्ग पाहायला जातो. मीही गेले आहे, मक्याचे कणीस खात फोटोही काढले आहेत. साताऱ्याजवळ चाळकेवाडीच्या पठारावर पवनचक्क्या आल्या तेव्हा पठार बिघडले म्हणणारे होते. आता त्याच पवनचक्क्या पाहायला सहली जातात. म्हणून सौर पॅनेलचेही शंभर वर्षांनी तसेच होईल, अशी समजूत काढून घ्यायचा मोह झाला. पण पाण्याला आकाश दिसते, पवनचक्की फिरते. पॅनेलकडे पाहणाऱ्याला परत द्यायला काही नाही. त्याच्या बाजूने एवढेच म्हणता येईल की त्याने गाव बुडत नाही, आणि पंचवीस वर्षांनी खांब उपटून नेता येतात. मुळशीचे कुणी उपटून नेऊ शकत नाही. मात्र ते खांब उपटायचे कुणी आणि जमीन कशी परत करायची, हे करारात लिहिलेले हवे. बापूने पाठवलेल्या कागदात त्याची एक मोघम ओळ होती.

मुंबईत पोचल्यावर आणखी एक गोष्ट सुचली, जी मला गावात सुचली नसती. या शहरात ‘दिसणे’ फुकट नाही, हे इथला शेंबडा पोरही जाणतो. एकाच इमारतीत, तेवढ्याच चौरस फुटांचा, समुद्राकडे तोंड असलेला फ्लॅट मागच्या गल्लीकडे तोंड असलेल्या फ्लॅटपेक्षा महाग असतो. १९९५ साली इथे वारसा वास्तूंची नियमावली आली आणि फोर्टातल्या इमारतींच्या कपाळावर काय लावायचे, काय नाही, हे ठरवणारी समिती बसली. दृश्याची किंमत ठरवणे, ती वसूल करणे आणि तिच्यासाठी नियम करणे यांत आम्ही तरबेज आहोत. मग माझ्या माळाच्या दृश्याची किंमत बापूने एकट्याने का मोजावी? मला दृश्य हवे असेल तर त्याचे भाडे मी भरले पाहिजे. हे उमगल्यावर मला फार हलके वाटले असे नाही. उलट, आजवर आपण फुकटात पाहत आलो, याची थोडी लाज वाटली.

मी संमतीपत्राची प्रत काढली आणि पाठकोऱ्या बाजूवर हाताने लिहायला बसले. ओढ्याच्या काठची पट्टी सोडावी. ताली मोडू नयेत. उत्तरेला झाडे, इतर तिन्ही बाजूंना शेर आणि निरगुडी. दिवे हालचाल झाली तरच लागावेत. गवत मेंढरांना खुले असावे. हिवर तोडू नये. शेवटच्या ओळीवर मी बराच वेळ थांबले, कारण हिवर माळाच्या ऐन दक्षिण कडेला आहे. म्हणजे नको त्या बाजूला.

रात्री बापूला सगळे वाचून दाखवले. तो मधे मधे “हां, हां” म्हणत होता. दिवे आणि मेंढरे त्याला पटली. मेंढरांच्या बाबतीत तर त्याने दुरुस्ती सुचवली, की चारणीचा हक्क गावातल्याच मेंढपाळाला असावा, बाहेरच्या ठेकेदाराला नको. शेराच्या रोपांना पैसे पडत नाहीत, फांद्या खोचल्या की लागतात, हेही त्यानेच सांगितले. हिवरापाशी मात्र तो थांबला. कंपनीचा माणूस आधीच मोजून गेला होता. झाड ठेवायचे तर त्याच्या सावलीची जागा वगळावी लागेल आणि वगळलेल्या जागेला भाडे नाही. “तीन गुंठं जात्यात, ताई. गुंठ्याला साडेबाराशे. पावणेचार हजार झालं वर्साला.”

“माझ्या वाट्यातून काप,” मी म्हटले.

“दरवर्साला तीन टक्के वाढतंय त्ये.”

“तेही काप.”

तो हसला. हे हसणे कसले होते, ते मला अजून नीट कळलेले नाही. कंपनीला विचारतो, म्हणाला. मी मूळ कागदावर सही केली, पाठीमागचा मजकूर त्याला जोडला आणि दुसऱ्या दिवशी कुरिअरने पाठवून दिला. पुढच्या सभेत सातवा विषय पुन्हा घ्यावा, असे एक पत्रही सोसायटीच्या सचिवांना दिले. माझ्या कुंड्या कठड्यावर मांडता येतील, हे त्यात मुद्दाम लिहिले आहे.

संक्रांतीच्या सुमारास बापूने माळाचा फोटो पाठवला. आखणी झाली आहे. वाळलेल्या गवतावर फक्कीच्या पांढऱ्या रेषा सरळ लांब गेल्या आहेत, आणि त्यांतली एक हिवरापाशी येऊन वळते. ती झाडाला बाहेर ठेवून वळते की आत घेऊन, हे काही केल्या समजत नाही. मी फोटो बोटांनी इतका मोठा केला की फक्कीचे नुसते पांढरे ठिपके उरले. बापूला फोन लावला तर रेंज नव्हती. तो बहुधा माळावरच असावा, तिथे रेंज कधीच नसते.